सेटिंग्जच्या खिडक्यांचे स्वयंचालन : स्क्रिप्टिंग भाषांचे मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत तीस संगणक आहेत असे धरू. प्रत्येक संगणकावर मराठी कळफलक जोडणे, दिनांकाची मांडणी दिवस-महिना-वर्ष अशी करणे आणि ऑनलाइन परीक्षा चालू असताना पडदा मध्येच काळा होऊ नये म्हणून वीजबचतीची मुदत वाढवणे, एवढी तीनच कामे करावयाची आहेत. एका संगणकासमोर बसून ही कामे उरकण्यास माऊसचे पंचवीस-तीस क्लिक सहज लागतात. तीस संगणकांचा हिशेब साडेसातशे ते नऊशे क्लिकपर्यंत जातो. वेळ जातो हे खरेच. पण खरा प्रश्न चुकीचा आहे. तेविसाव्या संगणकावर एखादी पायरी सुटली तर ती त्या क्षणी कोणाच्याही लक्षात येत नाही. ती लक्षात येते परीक्षेच्या दिवशी, त्या संगणकासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला मराठीत उत्तर टंकता येत नाही तेव्हा.

या कष्टावरचा उपाय म्हणून स्क्रिप्टिंग भाषांकडे पाहिले जाते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांचा साधा मजकूर. व्हीबीस्क्रिप्ट, ऑटोइट, ऑटोहॉटकी, पॉवरशेल, ॲपलस्क्रिप्ट, पायथन ही त्यांपैकी परिचित नावे. माणूस सेटिंग्जच्या खिडकीत जे हाताने करतो ते स्क्रिप्टकडून करून घेता येते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. मात्र ते करून घेण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. मार्ग कोणता निवडला यावरच ती स्क्रिप्ट पुढच्या वर्षी चालेल की नाही हे ठरते. प्रस्तुत लेखात या मार्गांचे विवेचन केले असून त्यासाठी प्रामुख्याने विंडोज आणि काही अंशी मॅक या प्रणालींचा आधार घेतला आहे.

कळा दाबणारी स्क्रिप्ट

सर्वांत जुना आणि सर्वांत भोळा मार्ग म्हणजे माणसाच्या बोटांची नक्कल. विंडोज ९८ बरोबर विंडोज स्क्रिप्ट होस्ट ही सुविधा आली आणि पुढे तिच्यातील ‘सेंडकीज’ या आज्ञेने व्हीबीस्क्रिप्टला कळा दाबता येऊ लागल्या. आधी खिडकीच्या शीर्षकावरून ती पुढे आणावयाची, नंतर टॅबची कळ अमुक वेळा, मग स्पेसबार, शेवटी एंटर. खिडकीत काय दिसते आहे याची या स्क्रिप्टला काहीच कल्पना नसते. डोळे बांधून पायऱ्या मोजत जिना उतरावा तसा हा प्रकार आहे. पायऱ्यांची संख्या बदलली नाही तोवर सर्व ठीक.

विंडोज एक्सपीच्या काळातील एक उदाहरण अनेक प्राध्यापकांना आठवत असेल. त्या प्रणालीत देवनागरी व्यवस्थित उमटण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ या खिडकीत जाऊन दुसऱ्या टॅबवरील जटिल लिप्यांच्या फाइलींची चौकट निवडावी लागे. ती चौकट निवडताच, एवढ्या एवढ्या भाषांच्या फाइली बसवल्या जातील आणि दहा मेगाबाइट किंवा अधिक जागा लागेल, अशी सूचना देणारी एक छोटी खिडकी मध्येच उघडे. ती बंद केल्यावर पुढे विंडोजची सीडी मागितली जाई आणि शेवटी संगणक पुन्हा सुरू करण्याविषयी विचारणा होई. ज्या संगणकावर या फाइली आधीच बसवलेल्या असत, तेथे तीच कळ दाबली की निवड उलट रद्द होऊ लागे. म्हणजे एकच स्क्रिप्ट एका संगणकावर देवनागरी बसवी आणि शेजारच्या संगणकावर ती काढावयास निघे!

या उदाहरणात दोन निरनिराळे दोष आहेत आणि ते वेगळे करून पाहणे उपयुक्त ठरेल. पहिला दोष वेळेचा. मध्ये उघडणारी खिडकी केव्हा उघडेल हे संगणकाच्या वेगावर अवलंबून असते. अनेक स्क्रिप्टमध्ये यावर ‘दोन सेकंद थांब’ असा उपाय केलेला आढळतो. नव्या संगणकावर तो चालतो. जुन्या, व्हायरसविरोधी तपासणी चालू असलेल्या संगणकावर दोन सेकंद पुरत नाहीत आणि पुढच्या सगळ्या कळा भलत्याच खिडकीत जाऊन पडतात. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी अपेक्षित खिडकी प्रत्यक्ष उघडेपर्यंत थांबणे हा यावरचा खरा उपाय होय. ऑटोइट आणि ऑटोहॉटकी या दोन्ही भाषांत त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ‘चौकटीवर क्लिक कर’ ही आज्ञा आणि ‘चौकट निवडलेली असावी’ ही अपेक्षा या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली कृती आहे, दुसरी स्थिती. कृती दोनदा केली की तिचा परिणाम पुसला जातो. स्थितीची मागणी कितीही वेळा केली तरी परिणाम तोच राहतो. सेटिंग्जचे स्वयंचालन फसते ते बहुतेक वेळा या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने, भाषेच्या अज्ञानाने नव्हे.

खिडकीतील घटकांशी थेट संवाद

जोनाथन बेनेट यांची ऑटोइट ही भाषा १९९९ च्या सुमारास आणि ख्रिस मॅलेट यांची ऑटोहॉटकी २००३ मध्ये आली. दोन्ही भाषा मोफत असल्याने विद्यार्थ्यांत आणि प्रयोगशाळा सहायकांत त्या लवकर रुजल्या. विंडोजच्या पारंपरिक रचनेत प्रत्येक बटण, प्रत्येक चौकट, प्रत्येक यादी ही तांत्रिकदृष्ट्या एक लहान खिडकीच असते आणि तिला स्वतःचा क्रमांक असतो. तेव्हा स्क्रिप्टने कळा दाबण्याऐवजी त्या बटणालाच संदेश पाठवावा, ही या भाषांनी सुलभ केलेली कल्पना. खिडकी इतर खिडक्यांमागे झाकलेली असली तरी संदेश पोचतो. शिवाय चौकटीला ‘तू निवडलेली आहेस काय?’ असे विचारताही येते. कृती आणि स्थिती यांतील वर सांगितलेला घोळ येथे प्रथमच आटोक्यात आला.

तथापि बटण ओळखावयाचे कसे? या भाषा साधारणपणे प्रकार आणि अनुक्रम यांची जोडी वापरतात. उदाहरणार्थ ‘बटण क्रमांक तीन’. नव्या आवृत्तीत वर आणखी एक बटण आले की तिसरे बटण चौथे होते. मजकुरावरून ओळखावे, तर विंडोजचा मराठी इंटरफेस बसवलेल्या संगणकावर तो मजकूरच वेगळा असतो. मराठीचा आग्रह धरणाऱ्या विभागाच्या संगणकावर इंग्रजी शीर्षक शोधणारी स्क्रिप्ट मुकाट्याने उभी राहते, यात नवल नाही.

या मार्गाला खरा धक्का बसला तो सेटिंग्जच्या खिडकीचीच जात बदलल्यावर. २०१२ च्या विंडोज ८ पासून कंट्रोल पॅनेलमधील कामे हळूहळू नव्या सेटिंग्ज ॲपकडे जाऊ लागली आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये तेच मुख्य ठिकाण झाले. नव्या ॲपमधील बटणे पारंपरिक अर्थाने लहान खिडक्या नाहीत. बाहेरून पाहिले तर ती सगळी मिळून एकच पाटी आहे आणि तिच्यावर बटणे केवळ रंगवलेली आहेत. बटण क्रमांक तीन विचारणाऱ्या स्क्रिप्टला तेथे एकही बटण सापडत नाही.

सुगम्यतेचा वृक्ष

मग रंगवलेल्या बटणापर्यंत पोचावयाचे कसे? याचे उत्तर स्वयंचालनासाठी म्हणून तयार झालेलेच नाही. ते तयार झाले दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी.

पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला खिडकीत कोणकोणते घटक आहेत, त्यांची नावे काय, प्रकार कोणता, स्थिती कोणती हे कळावे लागते. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी १९९७ मध्ये ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी आणि पुढे विंडोज व्हिस्टाच्या काळात यूआय ऑटोमेशन ही व्यवस्था आणली. या व्यवस्थेत संपूर्ण डेस्कटॉप हा एक वृक्ष असतो. खिडक्या त्याच्या फांद्या, खिडकीतील गट उपफांद्या आणि बटणे ही पाने. मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केलेले एनव्हीडीए हे मोफत पडदावाचक सॉफ्टवेअर विंडोजच्या अशाच सुविधांवर उभे आहे. पायथनमधील पायविनऑटो या संचाद्वारे किंवा पॉवरशेलमधून स्क्रिप्टही याच वृक्षावर चढू शकते.

याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. ज्या खिडकीतील बटणाला निर्मात्याने नाव दिलेले नाही, ते बटण दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मुके असते आणि स्क्रिप्टसाठीही मुकेच असते. म्हणून एखाद्या सॉफ्टवेअरची सेटिंग्जची खिडकी स्वयंचालनास दाद देत नसेल, तर ती पडदावाचकालाही दाद देत नसण्याची शक्यता मोठी असते. महाविद्यालयासाठी सॉफ्टवेअर खरेदी करताना ही चाचणी करून पाहण्यासारखी आहे. तिला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागू नये.

यूआय ऑटोमेशनमध्ये प्रत्येक घटकाला दिसणाऱ्या नावाखेरीज एक अंतर्गत ओळखही देता येते. इंटरफेसची भाषा बदलली तरी ही ओळख बदलू नये असा संकेत आहे. निर्मात्याने ती दिलेली असेल तर मराठी आणि इंग्रजी इंटरफेसचा प्रश्न मिटतो. स्थितीच्या बाबतीत मात्र येथेही सावधगिरी हवी. चालू-बंद होणाऱ्या घटकासाठी या व्यवस्थेने ‘उलट कर’ एवढीच कृती दिली आहे. ‘चालू कर’ अशी स्वतंत्र कृती नाही. त्यामुळे आधी स्थिती वाचणे, ती हवी तशी नसेल तरच उलटवणे आणि नंतर पुन्हा वाचून खात्री करणे हा क्रम स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाच पाळावा लागतो.

मॅकवरील धडा

हे सर्व किती क्षणभंगुर असू शकते याचे ठळक उदाहरण ॲपलच्या प्रणालीत सापडते. ॲपलस्क्रिप्ट ही भाषा १९९३ मधील. अमुक ॲप्लिकेशनला अमुक सांग, अशा जवळजवळ बोलक्या इंग्रजीत ती लिहिली जाते. (प्रारंभीच्या काळात तिला फ्रेंच आणि जपानी बोलीही होत्या, पुढे त्या सोडून देण्यात आल्या. प्रोग्रामिंग मातृभाषेतून व्हावे काय, या आपल्याकडे अधूनमधून उठणाऱ्या वादात हा दाखला क्वचितच दिला जातो.) या भाषेत दोन रीतींनी काम होते. ॲप्लिकेशनने स्वतः जाहीर केलेल्या शब्दकोशातील शब्द वापरणे ही पहिली रीत. दुसरी रीत २००३ च्या पँथर आवृत्तीपासून रूढ झाली. तीत ‘सिस्टिम इव्हेंट्स’ या मध्यस्थाद्वारे सुगम्यतेच्या वृक्षातील बटणांवर क्लिक केले जाते.

मॅकवरील ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’ हे दालन ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हेंचुरा आवृत्तीत ‘सिस्टिम सेटिंग्ज’ झाले. केवळ नाव बदलले असते तर एक शब्द सुधारून भागले असते. पण चिन्हांची जाळी जाऊन डाव्या बाजूला यादी आली, खिडकी स्विफ्टयूआय या नव्या साधनाने पुन्हा बांधली गेली आणि वृक्षाची रचनाच पालटली. जेथे पूर्वी ‘पहिल्या खिडकीतील पहिल्या टॅबगटातील पहिली चौकट’ एवढे सांगून भागत होते, तेथे आता गटातील गट, त्यातील विभागपट्टी, त्यातील पुन्हा गट, त्यातील सरकपट्टी अशी लांबलचक वंशावळ सांगावी लागू लागली. या खिडकीवर अवलंबून असलेल्या स्क्रिप्ट मोठ्या संख्येने निकामी झाल्या. याउलट पडद्याचे रूप गडद करण्याची आज्ञा सिस्टिम इव्हेंट्सच्या शब्दकोशातच होती. ती त्याच शब्दांत पुढेही चालत राहिली. काम दोघांचे एकच, सेटिंग बदलण्याचे. फरक एवढाच, की एकीने खिडकीच्या बांधकामावर विसंबून राहणे पत्करले आणि दुसरीने जाहीर केलेल्या शब्दावर.

परवानगीचा प्रश्न

जी स्क्रिप्ट प्राध्यापकाच्या वतीने बटण दाबू शकते, ती घुसखोराच्या वतीनेही दाबू शकते. त्यामुळे मॅकवर २०१३ पासून प्रत्येक ॲप्लिकेशनला सुगम्यतेची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि २०१८ च्या मोहावेपासून एका ॲप्लिकेशनने दुसऱ्याला आज्ञा देण्यासही संमती लागते. ही संमती सर्वसाधारणपणे माणसानेच द्यावयाची असते.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लास व्हेगास येथील डेफ कॉन परिषदेत पॅट्रिक वॉर्डल या सुरक्षा संशोधकाने हाय सिएरा आवृत्तीतील एक त्रुटी दाखवून दिली. माऊसची कळ दाबणे आणि सोडणे अशा दोन घटना पाठवण्याऐवजी त्यांच्याकडून नजरचुकीने दाबण्याचीच घटना दोनदा पाठवली गेली. प्रणालीने दुसरी घटना कळ सोडल्याची मानली आणि एरवी कृत्रिम क्लिक नाकारणारी सुरक्षेची खिडकी उघड्या दारासारखी झाली. एका ओळीच्या चुकीतून लागलेला हा शोध.

विंडोजमध्ये व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रक्रियेला अधिक अधिकाराच्या खिडकीस बहुतेक संदेश पाठवता येत नाहीत. प्रशासकाची संमती मागणारा प्रश्न तर वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडतो आणि तेथे सामान्य स्क्रिप्टचा हात पोचत नाही. पडदा कुलूपबंद असताना किंवा पार्श्वभूमीतील सेवा म्हणून चालवल्यास खिडक्यांवर चालणारी स्क्रिप्ट निरुपयोगी ठरते, कारण तिला हाताळण्यासाठी वापरकर्त्याचा डेस्कटॉपच समोर नसतो. रात्री सर्व संगणकांवर आपोआप सेटिंग्ज बदलण्याचे नियोजन करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. यावर मात करण्यासाठी सुरक्षा प्रश्नच कायमचे बंद करून ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तीस संगणक तीन मिनिटांत सज्ज व्हावेत म्हणून ते वर्षभर उघडे टाकणे कोणत्याही हिशेबाने परवडणारे नाही.

खिडकी न उघडता

वस्तुतः सेटिंग्जची खिडकी म्हणजे सेटिंग नव्हे. खिडकीत केलेला बदल शेवटी कोठेतरी, बहुधा रजिस्ट्री या नोंदकोशात, लिहिला जातो. तेव्हा खिडकी टाळून थेट मुळाशी जाणे शक्य आहे काय हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. व्यवहारात मात्र तो सर्वांत शेवटी विचारला जातो.

प्रस्तावनेतील तीन कामेच घेऊ. पडदा बंद होण्याची मुदत ‘पॉवरसीएफजी’ या विंडोजच्याच आज्ञेने एका ओळीत बदलते. मुदत मिनिटांत द्यावयाची आणि शून्य दिल्यास पडदा बंदच होत नाही. मराठी कळफलकासाठी पॉवरशेलमध्ये विंडोज ८ पासून वापरकर्त्याची भाषायादी वाचण्याची आणि लिहिण्याची आज्ञा आहे. येथे एक खड्डा आहे. लिहिण्याची आज्ञा यादीत भर घालत नाही, ती संपूर्ण यादीच बदलते. केवळ मराठी लिहिली तर इंग्रजी निघून जाते. म्हणून आधी असलेली यादी वाचावी, तीत मराठी नसल्यासच ती जोडावी आणि मग यादी परत लिहावी. विंडोज १० च्या २०१९ मधील १९०३ या आवृत्तीपासून मराठीसाठी इनस्क्रिप्टबरोबर फोनेटिक कळफलकही उपलब्ध आहे. विद्यार्थी कोणत्या मांडणीवर सराव करतात हे विचारून मगच निवड करावी. एका संगणकावर इनस्क्रिप्ट आणि दुसऱ्यावर फोनेटिक, असा घोळ परीक्षेत कळफलक नसण्याहूनही त्रासदायक ठरतो.

दिनांकाची मांडणी रजिस्ट्रीतील वापरकर्त्याच्या शाखेत असते आणि येथे आणखी दोन गोष्टी कळतात. रजिस्ट्रीत मूल्य लिहिले म्हणजे चालू असलेल्या प्रणालींना ते कळलेच असे नाही. खिडकीतील ‘अप्लाय’ बटण मूल्य लिहिते आणि बदल झाल्याची दवंडीही पिटवते. हाताने रजिस्ट्रीत लिहिणारी स्क्रिप्ट पहिले काम करते, दुसरे विसरते. मग बदल दिसण्यासाठी लॉगऑफ होऊन पुन्हा यावे लागते. दुसरी गोष्ट अशी की वापरकर्त्याची शाखा ही स्क्रिप्ट ज्याच्या नावाने चालली त्याची असते. प्रशासकाच्या खात्यातून चालवलेल्या स्क्रिप्टने प्रशासकाचा कळफलक मराठी होतो, विद्यार्थ्याचा नाही. ‘आम्ही स्क्रिप्ट चालवली होती, तरीही झाले नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथेच असते. विंडोज ११ मध्ये चालू वापरकर्त्याची भाषिक व्यवस्था स्वागताच्या पडद्यावर आणि नव्या खात्यांत उतरवण्याची स्वतंत्र आज्ञा आहे. पण आधीच तयार असलेल्या खात्यांवर स्क्रिप्ट त्या त्या खात्याच्या लॉगऑनच्या वेळीच चालवणे इष्ट. पुन्हा सुरू होताच मूळ स्थितीत जाणारे संरक्षक सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत असेल, तर बदल करण्यापूर्वी ते शिथिल करावे लागते हे निराळे सांगावयास नको.

उरलेली कामे

तरीही काही सेटिंग्ज अशा उरतात ज्यांना खिडकीखेरीज दार नाही. जुन्या प्रिंटरची उपयोगिता, प्रोजेक्टरबरोबर आलेले सॉफ्टवेअर, एखादा हिशेबाचा किंवा ग्रंथालयाचा कार्यक्रम, ज्याचे निर्माते केव्हाच निघून गेले आहेत. तेथे बटणे दाबणारी स्क्रिप्टच लिहावी लागते. ती लिहिताना सुगम्यतेच्या वृक्षापासून सुरुवात करावी, तो मुका निघाल्यास घटकांच्या संदेशाकडे आणि तोही मार्ग बंद असल्यासच कळांच्या नकलेकडे यावे. अपेक्षित खिडकी दिसली नाही तर स्क्रिप्टने अंदाजाने पुढे न जाता थांबावे आणि कोणत्या संगणकावर, कोणत्या पायरीवर थांबली ते एका फाइलीत नोंदवावे. सर्व संगणक यशस्वी झाल्याचा संदेश देणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा दोन संगणक राहिल्याचे सांगणारी स्क्रिप्ट अधिक उपयोगाची असते.

शेवटचा मुद्दा माणसांचा आहे. महाविद्यालयांत अशा स्क्रिप्ट बहुधा तासिका तत्त्वावरील एखादा तरुण अध्यापक किंवा शेवटच्या वर्षाचा हुशार विद्यार्थी लिहितो आणि वर्ष संपताच निघून जातो. मागे राहते ती पेनड्राइव्हवरील एक फाइल. तिच्यावर नाव नसते, प्रणालीची कोणती आवृत्ती गृहीत धरली आहे याची नोंद नसते. व्हीबीस्क्रिप्ट मागे घेण्याची घोषणा मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली असून ती विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढली जात आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. प्रयोगशाळा विंडोज ११ कडे वळत असताना अशा किती फाइली अजून वापरात आहेत याची यादी करण्यास एक दुपार पुरेल. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर ती काय बदलते, कोणाच्या खात्यातून चालवावयाची, शेवटी कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या तारखेस तपासली, आणि ती चालली नाही तर तेच काम हाताने कसे करावयाचे, एवढे मराठीत लिहून ठेवावे. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळा सहायकाला त्यातील शेवटच्या ओळीचीच गरज पडते.